बुधवारच्या कोड्याची फळी

मी सागाची फळी बोलतेय. सागाची म्हटल्यावर तुम्ही जरा सावरून बसला असाल, म्हणून आधीच सांगून टाकते, मी नापास झालेल्या ओंडक्याची फळी आहे. माझ्या अंगात मुठीएवढी गाठ आहे. चांदा जिल्ह्यात पोंभुर्ण्याच्या अलीकडे जंगल खात्याचा लाकूड डेपो आहे. तिथे माझ्या ओंडक्याच्या तोंडावर नापासाचा शिक्का बसला आणि माझं नशीब ठरलं. बरोबरीचे ओंडके बल्लारपूरच्या गाडीत चढून कुठल्या कुठे गेले. कोणी बंगल्याचं दार झालं असेल, कोणी साहेबाचं टेबल. मी मात्र डेपोच्या कुंपणापाशी दोन पावसाळे भिजत पडले. तेव्हा मला त्याचं फार वाईट वाटायचं. आता अजिबात वाटत नाही. का वाटत नाही ते सांगायलाच तोंड उघडलंय.

डेपोचे कारकून गुणवंतराव. उंच, सडपातळ, बोलणं मोजून-मापून. विडी नाही, पत्ते नाहीत. व्यसन एकच, इंग्रजी पेपरातलं रविवारचं शब्दकोडं. तरुणपणी एका गोऱ्या साहेबाबरोबर जंगलात तंबू ठोकून हिंडताना त्यांना हा नाद लागला. साहेब गेला, त्याचं राज्य गेलं, नाद तेवढा राहिला.

रविवारचा पेपर आमच्याकडे पोचायचा बुधवारी. पेपर एक आणि वाचणारे तीन. आधी रेंजरसाहेबांचा बंगला, मग डेपो, आणि शुक्रवारी तो नदीपलीकडे चामोर्शीच्या हेडमास्तरांकडे जायचा. हेडमास्तर पेपर जपून ठेवायचे, त्यावर कोणी रेघ मारलेली त्यांना खपायची नाही. मग कोडं भरायचं कुठे? म्हणून एकावन्न सालच्या उन्हाळ्यात गुणवंतरावांनी मुखरू सुताराला बोलावलं आणि सांगितलं, एका फळीवर आडवी पंधरा, उभी पंधरा घरं कोरून दे.

मुखरूनं माझा ओंडका चिरून मला काढलं, रंधा मारला आणि दोन दिवस खपून घरं कोरली. घरं कसली, चरच खणले म्हणा. त्याचा जन्म जंगलाच्या हद्दीवर खांब रोवण्यात आणि चर खणण्यात गेलेला, हलक्या हाताची रेघ त्याला ठाऊकच नव्हती. गुणवंतरावांनी बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “मुखरू, घरं मोज.”

मुखरूनं मोजली. पुन्हा मोजली. “बाबूजी, म्या त पंधरा खुंट धरून पंधरा रेघा मारल्या. एक घर कुठी गेलं?”

पंधरा रेघांमध्ये घरं चौदाच होतात, हे त्याच्या डोक्यात शिरायला संध्याकाळ झाली. मग बिचाऱ्यानं बिजा लाकडाची एक पट्टी माझ्या उजव्या बाजूला ठोकली आणि एक खाली. तेव्हापासून मी दोन लाकडांची आहे. पावसाळ्यात साग आणि बिजा वेगवेगळे फुगतात आणि माझी हाडं कुरकुरतात. पण त्या खोल चरांबद्दल मी मुखरूला आजही दुवा देते.

आता कोडं म्हणजे काय, ते मी फळी असून मला कळलं, तर तुम्हाला का कळणार नाही? हे कोडं सरळ विचारत नाही, वाकडं बोलतं. एकदा गुणवंतरावांच्या बायकोनं, रुखमाबाईनं, तांदूळ निवडता निवडता विचारलं, “अजी, त्यात येवढं काय राह्यते, थे मले बी सांगा न.”

गुणवंतरावांनी तिच्यासाठी तिथल्या तिथे एक मराठीत रचलं. “कमळातली घाण. दोन अक्षरं.”

“चिखल,” रुखमाबाई म्हणाली.

“तीन झाली.”

“गाळ मंग.”

“गाळ कमळाखाली राह्यते. मी कमळातली म्हटलं. कमळ लिही आन् त्यातच पाह्य.”

रुखमाबाई अक्षरओळख असलेली बाई. तिनं सुपातल्या तांदळात बोटानं ‘कमळ’ लिहिलं, बघत राहिली आणि एकदम ‘क’ पुसून टाकला. उरला ‘मळ’. ती इतकी हसली की सूप कलंडलं. “हे त लबाडी झाली,” म्हणाली. पण त्या दिवसापासून तिनं बुधवारच्या संध्याकाळी त्यांना कामं सांगणं सोडलं.

बुधवारचा आमचा नेम असा. डेपोचं फाटक बंद झालं की गुणवंतराव मला ओसरीत पाटावर आडवी ठेवायचे. पेपरात जी घरं काळी असतील, त्या घरांत चिंचोके ठेवायचे. रुखमाबाईनं त्यासाठी चिंचोक्यांचं एक गाडगंच वेगळं ठेवलं होतं. मग खडू घेऊन एकेक अक्षर भरायचं, अडलं की माझ्या गाठीवर बोट घासत बसायचं. ती गाठ बाजारात माझी खोट होती, इथे ती त्यांच्या विचार करण्याची जागा झाली. शब्द सापडला की ते नाकातून हलकेच ‘हं’ म्हणायचे. त्या ‘हं’साठी मी आठवडाभर वाट बघायचे.

अशी तीन-चार वर्षं गेली. मग मला एक गोष्ट कळली, जी अजून घरात कोणालाही कळली नव्हती. अक्षरं घराबाहेर पडायला लागली होती.

आधी एखादं अक्षर रेघेवर बसायचं. मग एका घरात दोन दोन. चिंचोका ठेवायचा एका घरात, पडायचा शेजारच्या. ते पेपर दारात उजेडाला धरायचे, मग नाकाला लावायचे, मग लांब धरायचे. एकदा खडू माझ्यावरून घसरून थेट पाटावर लिहीत गेला आणि त्यांना पत्ता नाही. मी ओरडू शकत नव्हते. गुणवंतराव आंधळे होत होते आणि ते कोणाला सांगत नव्हते.

शेवटी रुखमाबाईनंच ओळखलं, त्यांनी आमटीत मीठ समजून साखर टाकली तेव्हा. चांद्याला नेलं. डॉक्टर म्हणाला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, नागपूरला जाऊन कापून घ्या. गुणवंतराव घरी आले आणि म्हणाले, नाही. त्यांच्या चुलतभावाचा डोळा असाच कापला होता आणि कायमचा गेला होता.

“आता धुकं त दिसते मले,” ते रुखमाबाईला म्हणाले. “उद्या थे बी गेलं त मी करू काय? ओसरीत बसून माश्या मारू?”

रुखमाबाईनं खूप समजावलं, रडली, अबोला धरला. काही उपयोग झाला नाही. पंचावन्नच्या दिवाळीनंतर त्यांनी कोडं सोडलं. पेपर बुधवारी यायचा आणि घडी न मोडता शुक्रवारी नदीपार जायचा. मला भिंतीला टांगलं, तेही तोंड भिंतीकडे करून. उन्हाळ्यात रुखमाबाईनं मला उन्हात काढलं आणि माझ्यावर मुगवड्या घातल्या. तिला दोष देत नाही, घर मोकळं पडू नये म्हणून बाई काहीतरी करत राहते. पण चिंचोक्यांच्या जागी वड्या आलेल्या पाहून मला नापासाचा शिक्का पुन्हा बसल्यासारखं झालं.

त्याहून वाईट गुणवंतरावांचं. माणूस जेवायला बसायचा आणि दोन घासांवर उठायचा. कामावर जायचा, परत यायचा, खाटेवर पडायचा. बोलणं आधीच मोजकं, ते आता संपल्यातच जमा होतं. डोळे जाण्याआधीच त्यांनी स्वतःला काळोखात बसवून घेतलं होतं.

आता वारलूबद्दल सांगते. वारलू डेपोतला शिक्केवाला. जवळच्या जंगलगावचा गोंड माणूस, चाळिशी उलटलेला, दोन हातांत दोन शिक्क्याचे हातोडे घेऊन फिरणारा. ओंडका पास झाला की एक हातोडा, नापास झाला की दुसरा, ठेकेदाराचा तिसरा, गाडीत चढायचा असेल तर चौथा. ठेकेदार पुष्कळ, गाड्यांची गावंही पुष्कळ, म्हणून हातोडे एकूण एकोणीस, आणि प्रत्येकाच्या तोंडावर वेगळं इंग्रजी अक्षर आणि शेजारी सालाचे आकडे कोरलेले. वारलू शाळेची पायरी कधी चढला नव्हता, पण हातोडे घासून, तेल लावून ठेवायचं काम वीस वर्षं त्याच्याकडे होतं.

छप्पन्नच्या श्रावणातली गोष्ट. बुधवारी वारलूनं बंगल्यावरून पेपर आणला.

“ठेव तिथी,” गुणवंतराव खाटेवरूनच म्हणाले. “परवा घेऊन जाजो.”

वारलू गेला नाही. त्यानं भिंतीवरून मला काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि पाटावर ठेवलं. “बाबूजी, मी वाचू का?”

“तुले इंग्रजी कुठी येते?”

“इंग्रजी नाई येत. मारके येतेत.” त्यानं पेपर उघडला आणि बोट ठेवलं. “हा पासाचा मारका. हा बल्लारपूरच्या गाडीचा. हा नापासाचा. हा डोमा ठेकेदाराचा.”

पास म्हणजे पी, बल्लारपूर म्हणजे बी, नापास म्हणजे आर, डोमा ठेकेदार म्हणजे डी. गुणवंतराव हळूहळू उठून बसले.

“मले दिसत नाई, हे तुले कोनं सांगतलं?”

“कोनं सांगाले पाह्यजे?” वारलू पेपरातून मान वर न करता म्हणाला. “सालभर ओंडक्यावरचे मारके मोठ्यानं कोनासाठी वाचून राह्यलो मी?”

हे मलाही ठाऊक नव्हतं. दिवसभर डेपोच्या आवारातून वारलूचा आवाज यायचा, तो मी इतकी वर्षं नुसता ऐकत आले होते. वर्षभर हा माणूस प्रत्येक ओंडक्यापाशी उभा राहून शिक्का आणि आकडा मोठ्यानं म्हणत होता, गुणवंतराव ते ऐकून वहीत नोंदवत होते, आणि दोघांनीही त्याचा एकमेकांजवळ उच्चार केला नव्हता. गुणवंतरावांना वाटत होतं आपलं झाकलेलं आहे. झाकलेलं होतं खरं, पण झाकणारा वारलू होता.

पहिल्या दिवशी मात्र भलताच घोळ झाला. वारलू एकेक मारका सांगत गेला, गुणवंतराव अक्षर जोडत गेले, आणि काही केल्या शब्द होईना. अर्धा तास गेला. गुणवंतराव वैतागले, मग थबकले आणि मग कितीतरी महिन्यांनी हसले. वारलू प्रत्येक ओळ उजवीकडून डावीकडे वाचत होता. हातोड्याच्या तोंडावर अक्षर आणि आकडे उलटे, उजवीकडून डावीकडे कोरलेले असतात, म्हणजे लाकडावर सुलटे उठतात. वारलू वीस वर्षं हातोड्यांची तोंडं घासून शिकलेला. त्याच्या हिशेबी सुलटं तेच होतं.

“लाकडाकडून वाच, वारलू,” गुणवंतराव म्हणाले. “हातोड्याकडून नको.”

“असं सांगा न मंग,” वारलू म्हणाला आणि दुसऱ्या टोकाला सरकला.

हातोड्यांवर नव्हती अशी सात अक्षरं निघाली. त्यांना वारलूनं आपली नावं दिली. ओ म्हणजे मडकं, क्यू म्हणजे शेपटीचं मडकं, एक्स म्हणजे खाटेची दोरी, एस म्हणजे साप. ऐकणाऱ्याला वाटलं असतं, दोघं मिळून एखादा चोरीचा माल मोजताहेत. “साप, नापास, पास, मडकं, शेपटीचं नाई, साधं,” असं चालायचं. रुखमाबाई तोंडाला पदर लावून आत जायची.

वारलू चिंचोके मांडायचा. गुणवंतराव बोटांनी घरं चाचपायचे. आता मुखरूच्या त्या चरांचं मोल मला कळलं. हलक्या हाताच्या रेघा असत्या तर बोटांना सापडल्याच नसत्या. ते कान देऊन ऐकायचे, ओळ मनात धरायचे, गाठीवर बोट घासायचे, आणि एक दिवस तो ‘हं’ परत आला. मी लाकूड आहे, मला पाझर फुटत नाही असं लोक समजतात. समजू द्या.

वारलूला शब्दांचा अर्थ लागायचा नाही, पण शब्द लागला की त्याला हवा असायचा. “काय निघालं?” तो विचारायचा. गुणवंतराव सांगायचे, नांगर निघाला, किंवा विमान, किंवा खोटं बोलणारा साक्षीदार. वारलू मान डोलवायचा, ओंडका पास झाल्यासारखी.

पावसाळा सरला. राज्य बदललं, आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला म्हणे, कचेरीतल्या कागदांवरचं नाव बदललं. नोव्हेंबरातल्या एका बुधवारी गुणवंतरावांनी आख्खं कोडं पुरं केलं. एकही घर रिकामं राहिलं नाही. त्यांनी माझ्यावर दोन्ही तळवे ठेवले. मग आत हाक मारली, “आयकलं का? डिसेंबरात नागपूरले जाऊ. डोळे कापून घेऊ.”

रुखमाबाई हातातली पळी घेऊनच बाहेर आली. “इतके दिस नाई नाई म्हणून राह्यले होते. आता काऊन?”

“तवा वाटे, डोळे गेले का सप्पा गेलं,” ते म्हणाले. “आता गेले तरी बुधवार त जात नाई न.”

रुखमाबाईनं वारलूकडे पाहिलं. “वारलूभाऊ, जेवून जा आज,” एवढंच म्हणाली आणि आत जाऊन कितीतरी वेळ चुलीशी उगाच खुडबुड करत राहिली.

ते दोघं नागपूरला गेले आणि सहा आठवडे घर बंद होतं. मी ओसरीत भिंतीला टेकलेली. पहिल्या बुधवारी वारलू पेपर घेऊन आला तेव्हा मला नवल वाटलं. घरी कोणी नाही, हा कशाला आला? त्यानं पेपर जमिनीवर पसरला, चार दगड ठेवले आणि कुंपणापाशी गेला. येताना दोन नापास फळ्या खांद्यावर घेऊन आला, माझ्याच जातीच्या. ओंडक्यांवर आकडे घालायचा गेरू एका करवंटीत कालवला, बांबूची काडी ठेचून तिचा कुंचला केला, आणि कोड्याचं एकेक अक्षर बघून बघून फळीवर उतरवायला लागला.

पेपर शुक्रवारी जायचा होता. वारलूजवळ दोनच दिवस होते. तो डेपोचं काम करून यायचा आणि उजेड असेतो उकिडवा बसून लिहायचा. हजारभर अक्षरं असतील, त्यातल्या एकाही शब्दाचा अर्थ त्याला ठाऊक नाही. एकदा रेंजरसाहेब स्वतः आले आणि विचारलं, “वारलू, हे काय चाललंय?”

“मारके उतरून राह्यलो, सायेब,” वारलू म्हणाला. साहेबांनी वाकून पाहिलं, पेपर पाहिला, फळी पाहिली, आणि निघून गेले. पुढच्या बुधवारी बंगल्यावरून पेपर एरवीपेक्षा लवकर आला.

आठवड्याला दोन, अशा बारा फळ्या झाल्या. आम्ही सगळ्या बहिणी ओसरीत रांगेनं उभ्या होतो.

फेब्रुवारीत ते परत आले. बसमधून उतरून रुखमाबाईचा हात धरून गुणवंतराव चालत आले. नाकावर बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचेचा चष्मा. डावा डोळा गेला होता, उजवा आला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बारीक अक्षर हळूहळू जमेल, सध्या मोठं तेवढंच वाचा.

रुखमाबाईनं आधी पाहिलं. “अगे माय, हे काय मांडून ठेवलं?”

गुणवंतराव ओसरीच्या पायरीवर थांबले. वारलूचं अक्षर ओंडक्यावरच्या शिक्क्याएवढं होतं. त्याला दुसऱ्या मापाचं अक्षर येतच नव्हतं. ते पहिल्या फळीजवळ गेले आणि पहिली ओळ मोठ्यानं वाचायला लागले. इंग्रजीत होती, आम्हाला कोणाला कळली नाही. ते दुसऱ्या फळीकडे गेले, तिसऱ्या, चौथ्या, शेवटपर्यंत एकेकीवरून नजर फिरवत गेले. नव्या डोळ्यानं त्यांनी वाचलेली ही पहिली अक्षरं.

वारलू खांबाला धरून उभा होता. “बाबूजी, कुठी चुकलं का?”

गुणवंतरावांनी चष्मा काढला. तो पुसायचा होता, पण हातात धरूनच राहिले. “एक बी नाई चुकलं.”

“मंग रडता काऊन?”

“सहा बुधवार मी तिथी डोळ्याले पट्टी बांधून मोजले, वारलू,” ते म्हणाले. “मले वाटे, हे त गेले. आता काही परत येत नाई.”

“कुठी जातेत?” वारलू म्हणाला. “इथीच त होते.”

त्याला आता दोन वर्षं झाली. त्या बारा फळ्यांवरचा गेरू पावसानं पुसट झाला, पण रुखमाबाईनं एकीवरही वड्या घातल्या नाहीत. गुणवंतरावांना आता पेपरातलं बारीक अक्षरही दिसतं. रोजची बातमी ते स्वतः वाचतात. बुधवारी मात्र पेपर आला की चष्मा काढतात, घडी करून माझ्या गाठीजवळ ठेवतात आणि म्हणतात, “हां, वारलू, वाच.” आणि वारलू लाकडाकडून वाचायला लागतो.

माझं आता वय झालं. बिज्याची पट्टी सैल झालीय, चरांत खडू असा भरलाय की काही केल्या निघत नाही. पण कोणी मला विचारलं, पुढच्या जन्मी बंगल्याचं दार होशील का, तर मी नाही म्हणेन. दारं पुष्कळ आहेत. दोन माणसांच्या मध्ये पडून राहायची जागा मला मिळाली, तिच्याबद्दल मी फार उपकृत आहे, आणि ज्यानं नापासाचा शिक्का मारून मला डेपोत अडकवलं, त्याची तर जन्माची ऋणी. तो हातोडाही वारलूच्याच हातात होता.

तुम्हाला एवढंच मागते. तुमच्याही आसपास कोणी न सांगता, न मागता, तुमच्यासाठी मोठ्यानं वाचत असेल. त्याचा आवाज रोजचा म्हणून नुसता कानावरून जाऊ देऊ नका. एकदा त्याला जेवायला थांबवा.

येते मी. फाटक लागल्याचा आवाज आला, आणि आज बुधवार आहे.